संस्कर्त्याचा वांटा

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत पशुवधाच्या पापाचे वांटेकरी मोजले आहेत. ते आठ आहेत: वधाला अनुमति देणारा, अंगें कापून वेगळीं करणारा, प्रत्यक्ष मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवून सिद्ध करणारा, वाढणारा आणि खाणारा. आठांनाही स्मृतिकारानें एकच नांव दिलें आहे, घातक. याच अध्यायांत यज्ञासाठीं केलेल्या वधाला मोकळीक आहे, आणि थोडें पुढें गेल्यावर मांसभक्षणांत दोष नाहीं, मात्र निवृत्तीचें फळ मोठें आहे, असेंही म्हटलेलें आढळतें. तेव्हां स्मृतीच्या आधारानें वाद जिंकूं पाहणाऱ्या दोन्ही पक्षांची येथें चांगली सोय झालेली आहे. आम्हांला त्या वादांत पडावयाचें नाहीं. आमचें लक्ष या आठांपैकीं सहाव्याकडे आहे. स्मृतींत त्याला संस्कर्ता म्हटलें आहे.

मारणारा घातक कां, हें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. खाणाऱ्याचेंही तसेंच, सारा खटाटोप त्याच्या जिभेसाठीं चाललेला असतो. संस्कर्त्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या हातीं पशु येतो तेव्हां तो पशु राहिलेला नसतो. त्याचें दुःख संपलेलें असतें. संस्कर्त्यानें मीठ अधिक घातलें कीं कमी, मांस कोंवळें ठेवलें कीं करपविलें, यानें त्या जिवाच्या यातनांत कणभर वाढ होत नाहीं, कीं घट होत नाहीं. होऊन गेलेल्या कृत्याचा दोष मागाहून येणाऱ्याच्या माथीं कोणत्या न्यायानें मारावयाचा? अर्थशास्त्र जाणणारा वाचक म्हणेल कीं, मागणी आहे म्हणून पुरवठा होतो. आजचा स्वयंपाक हें उद्यांच्या वधाचें कारण आहे. हें खरें, पण या न्यायानें दोष गिऱ्हाइकाचा ठरतो, आणि गिऱ्हाईक यादींत निराळें मोजलेलेंच आहे. शिवाय आपल्याकडे अशीं कितीतरी घरें होतीं व आहेत कीं, जेथें नवऱ्यामुलांसाठीं मांस शिजविणारी बाई स्वतः त्याला तोंड लावीत नाहीं. तिची अनुमति कोणी विचारलेली नसते, तिनें तें विकत आणलेलें नसतें, आणि ती खातही नाहीं. तिलाही घातक म्हणावयाचें काय?

या प्रश्नाचें उत्तर 'संस्कार' या शब्दांतच शोधावें असें आम्हांला वाटतें. हा शब्द आपण मुंजीला लावतों, लग्नाला लावतों, मृताच्या देहाला लावतों आणि मुलांच्या वळणालाही लावतों. पण त्याचा स्वयंपाकघरांतला अर्थही फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत संस्काराची व्याख्या आहे ती अशी कीं, वस्तूंत मूळचे नसलेले गुण आणून ठेवणें म्हणजे संस्कार. हे गुण कशानें येतात तेंही तेथें मोजलें आहे: पाणी, अग्नि, स्वच्छता, घुसळणें, जागा, काळ, वास लावणें, भावना देणें, भांडें. भावना म्हणजे येथें मनाचा विकार नव्हे. औषधी चूर्ण रसांत भिजवून मुरविण्याला वैद्य भावना म्हणतात. नुसता काळ जाऊं देणें हाही एक संस्कारच धरला आहे, हें ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडेल. ही व्याख्या मान्य केली म्हणजे संस्कर्त्यावरील आरोपाला थोडा अर्थ येऊं लागतो. पशूच्या देहांत मूळचा नसलेला असा कोणता गुण तो आणतो? रुचि, हें पहिलें उत्तर. पण रुचीच्या पाठोपाठ आणखी एक गुण येतो. जें कालपर्यंत कोणीतरी होतें, तें आज कांहींतरी होतें. 'कोणी' आणि 'कांहीं' यांमधला उंबरठा ओलांडून देणारा इसम तो संस्कर्ता.

आपल्याकडच्या रश्श्यावरून हा प्रश्न तपासूं गेल्यास घोटाळा होतो. कांदा, सुकें खोबरें, खसखस, तीळ, धने, लवंगा, दगडफूल हें सारें भाजून वाटलेलें वाटण इतकें बोलकें असतें कीं, त्यांत मांसाचा आवाज कितीसा उरला हें सांगतां येत नाहीं. म्हणून ज्यांत संस्कार अगदीं थोडा, असें उदाहरण आम्ही घेतों: अमेरिकेंत घरोघरीं, परसांतल्या जाळीवर भाजला जाणारा गोमांसाचा जाड काप, ज्याला तेथें स्टेक म्हणतात. हा शब्द इंग्रजींत जुन्या नॉर्स भाषेंतून आला, आणि त्याच्या मुळाशीं मांस टोंचून भाजण्याची काठी आहे. अमरकोशांतला 'शूल्य' हा शब्दही शूलावरूनच झाला; आणि कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत निखाऱ्यांवर मांस भाजण्याचें वर्णन आहेच. तेव्हां रीति परकी नाहीं. गोमांसाचें नांव काढतांच आमच्या कित्येक वाचकांचें मन मागें सरेल, हें आम्ही जाणतों. महाराष्ट्रांत गाईचा वध १९७६ च्या कायद्यानें बंद झाला, आणि २०१५ सालीं वळू व बैल यांनाही ती बंदी लागू झाली. त्या प्रश्नाला श्रद्धेचे व राजकारणाचे जे पदर आहेत ते येथें उलगडावयाचे नाहींत. येथें गाय ही केवळ एक जिवंत प्राणी आहे, एवढ्यावरच विचार करावयाचा आहे. तिच्या ठिकाणीं बोकड किंवा मेंढा कल्पिला तरी प्रश्न बदलत नाहीं.

काप चांगला दीड इंच जाड लागतो. पातळ असला तर बाहेरून तांबूस होईपर्यंत आंतून शिजून कोरडा पडतो. चांगल्या मांसांत चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा संगमरवरांतल्या रेषांप्रमाणें पसरलेल्या असतात. अमेरिकन सरकारचे तपासनीस या रेषा आणि जनावराचें वय पाहून मांसाला प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा प्रती लावतात. प्रथम काप कोरड्या कागदानें टिपून घ्यावयाचा. मग मीठ. येथें वेळेला फार महत्त्व आहे. मीठ भाजण्याच्या अगदीं क्षणभर आधीं लावावें, नाहीं तर निदान पाऊण तास आधीं लावावें. मधली वेळ सर्वांत वाईट. कारण मीठ लागतांच मांसांतलें पाणी ओढलें जाऊन पृष्ठभागावर येतें, आणि दहा-पंधरा मिनिटांत काप घामानें डबडबल्यासारखा दिसतो. या स्थितींत तो जाळीवर टाकला तर भाजला न जातां वाफेवर उकडतो. पण थांबलें तर निराळें घडतें. त्या पाण्यांत मीठ विरघळतें, तें खारें पाणी हळूहळू पुन्हां आंत शोषलें जातें, आणि मिठाच्या योगानें स्नायूंतलीं कांहीं प्रथिनें सैल पडून शिजतांना पाणी अधिक धरून ठेवतात. म्हणून जाणते लोक मीठ आदल्या रात्रींच लावतात, आणि काप जाळीच्या ताटांत, उघडाच, फ्रिजमध्यें ठेवतात. सकाळपर्यंत मीठ आंत गेलेलें असतें व वरची बाजू कागदासारखी कोरडी झालेली असते. चरकाचार्यांनीं काळाला संस्कारांत कां मोजलें, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाहीं. एक विशेष येथें नोंदवून ठेवतों: लसूण, मिरें, सुगंधी पाला यांचा वास बहुतेक वरच्या वरच राहतो, खोल शिरतें तें मीठच.

कोरडेपणाचा एवढा आग्रह कशासाठीं? पाणी शंभर अंशांवर उकळतें, आणि तें पुरतें उडून जाईपर्यंत पृष्ठभागाची उष्णता त्यापुढें चढत नाहीं. मांसाला जो तांबूस रंग व खमंगपणा येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढें झपाट्यानें येतो. प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्या संयोगानें ही क्रिया होते. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून ती त्याच्या नांवानें ओळखली जाते. पोळीवरचे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास हीं तिचींच भावंडें. त्यापूर्वीं, १८४७ सालीं, युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें होतें कीं, प्रखर उष्णतेनें मांसाच्या भोंवतीं कवच तयार होतें व रस आंत कोंडला जातो. हें मत चुकीचें आहे. भाजलेल्या कापांतून रस गळतच असतो, हें ताटलींत पाहणाऱ्या कोणालाही दिसतें. तरीही स्वयंपाकाच्या पुस्तकांतून तें शंभरांहून अधिक वर्षें बिनदिक्कत छापलें गेलें. मोठ्या माणसाची चूक लहान माणसाच्या सत्यापेक्षां अधिक दिवस जगते.

मग निखारे एका बाजूला रचून जाळीचा एक भाग प्रखर व एक मंद ठेवावयाचा. प्रखर भागावर रंग आणावयाचा, मंद भागावर आंतून शिजवावयाचें. तज्ज्ञ मंडळी आंत उष्णतामापकाची सुई खुपसून पाहतात. ५५ अंशांच्या आसपास मध्यभाग गुलाबी व मऊ असतो. ७० च्या पुढें तो करडा व चिवट होतो. सरकारी आरोग्यखात्यांचा सल्ला ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटें थांबणें असा आहे, आणि लहान मुलें व वृद्ध ज्या घरांत आहेत त्यांनीं तो पाळावा हेंच शहाणपणाचें. उतरविल्यावर काप पांच ते दहा मिनिटें तसाच ठेवावयाचा. लगेच सुरी लावली तर रस ताटलीभर वाहतो.

हें सारें मनापासून करणाऱ्याकडे पाहिलें म्हणजे त्याच्याविषयीं आदर वाटतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्यांत धीर आहे, संयम आहे, हाताला आलेल्या वस्तूची कदर आहे. आदल्या रात्रींपासून दुसऱ्या सायंकाळपर्यंत तो माणूस त्या मांसाचाच विचार करीत असतो: त्याची जाडी, त्याच्या रेषा, त्याचा ओलावा, त्याच्या गाभ्याची उष्णता. एका प्राण्याच्या देहाकडे इतकें लक्ष त्याच्या हयातींत तरी कोणी दिलें असेल कीं नाहीं, शंका आहे. आणि या चोवीस तासांत त्या प्राण्याचा विचार मात्र एकदांही मनांत येत नाहीं. देहाविषयीं इतकी आस्था आणि देह्याविषयीं इतकें विस्मरण एकाच माणसाच्या ठिकाणीं सुखानें नांदतात. संस्कर्त्याच्या प्रश्नाचें खरें मर्म येथें आहे.

प्लुटार्क या ग्रीक ग्रंथकारानें पहिल्या-दुसऱ्या शतकांत मांसभक्षणाविरुद्ध लिहितांना मसाल्यांवरच बोट ठेवलें होतें. त्याचा मुद्दा असा: निसर्गानें मनुष्याला मांसासाठीं घडविलें असेल, तर त्यानें वाघाप्रमाणें स्वतःच्या दांतांनीं मारून खावें; पण तो तसें करूं शकत नाहीं, प्रेत पाहून त्याला शिसारी येते, म्हणून तो तेल, मद्य, मध, आंबवणी आणि पौर्वात्य मसाले यांनीं त्याला असें लिंपतो कीं जणूं पुरण्यासाठीं मढेंच सजवावें. मसाला हा लज्जेचा पुरावा आहे, असा हा युक्तिवाद. आमच्या वाटणाला तो कदाचित् लागूं पडेल. स्टेकला लागूं पडतो काय? वर वर पाहतां नाहीं. मीठ, आग आणि थोडें मिरें; यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. काप कापल्यावर आंत गुलाबी दिसतो, तंतू दिसतात, हाड दिसतें. स्टेक खाणारा प्लुटार्कला म्हणूं शकेल कीं, बाबा रे, मी कांहीं झांकलेलें नाहीं.

पण आम्हांला हा बचाव अपुरा वाटतो, कारण झांकण्याचें काम ताटांत होण्याचें थांबलें तें अन्यत्र होऊं लागलें म्हणून. इंग्रजी भाषेकडेच पाहा. गोठ्यांतल्या जनावराला तेथें एक नांव आणि ताटांतल्या जनावराला दुसरें. पहिलें सॅक्सन गुराख्याचें, दुसरें त्याच्यावर राज्य करणाऱ्या नॉर्मन धन्याचें. वॉल्टर स्कॉटनें 'आयव्हॅन्हो' कादंबरीच्या आरंभींच एका विदूषकाच्या तोंडीं हें मार्मिक निरीक्षण घातलें आहे. दुकानांत गेलें तर मांस पारदर्शक वेष्टनांत, चकचकीत तबकांत असतें, आणि त्याच्या खालीं एक लहानशी टिपकागदाची गादी असते. तिचें काम एवढेंच कीं, पाझरणारा लाल द्रव गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडूं नये. या द्रवाला पुष्कळ लोक रक्त समजतात. तें रक्त नव्हे. रक्त वधाच्या वेळींच वाहून गेलेलें असतें. हा स्नायूंतला पाण्याचा अंश असून मायोग्लोबिन नांवाच्या प्रथिनानें त्याला रंग येतो. हें प्रथिन त्या प्राण्याच्या स्नायूंत प्राणवायु सांठवून ठेवीत असे. तो ज्या पायांनीं चालला त्यांची ती शिदोरी होती. रक्त नाहीं हें समजल्यावर खाणाऱ्याला हायसें वाटतें. आम्हांला उलट वाटतें.

या झांकाझांकीला भूगोलही आहे. होमरच्या 'इलियड'मध्यें प्रायाम राजा मुलाचें प्रेत मागावयास शत्रूच्या गोटांत येतो, तेव्हां अकिलीज स्वतः उठून पांढरें मेंढरूं मारतो. त्याचे सोबती तें सोलून, कापून, सळयांवर भाजतात, आणि अकिलीज आपल्या हातानें पाहुण्याला वाढतो. मनूच्या यादींतले निम्म्याहून अधिक घातक तेथें एका तंबूंत उभे आहेत, आणि प्रत्येकाला दुसरा दिसतो. अमेरिकेंत ही साखळी तुटली ती मुख्यतः शिकागो शहरांत. तेथील विस्तीर्ण गुरांचा बाजार १८६५ सालीं उघडला. पुढें १८८० च्या सुमारास गस्टाव्हस स्विफ्ट यानें बर्फानें थंड ठेवलेल्या आगगाडीच्या डब्यांतून मांस पूर्वेकडे पाठविण्याचा धंदा जमविला, आणि गांवोगांवचा कसाई केवळ मांस विकणारा होऊन बसला. मारणें एका ठिकाणीं, खाणें हजार मैलांवर. तो बाजार १९७१ सालीं बंद झाला. कत्तलखाने लहान गांवांकडे गेले, तेव्हां तर ते शहरवासियांच्या नजरेआड पुरतेच झाले. आणि योगायोग असा कीं, परसांत ठेवण्याची झांकणाची गोल शेगडी १९५२ सालीं निघाली ती याच शिकागोच्या परिसरांत. जॉर्ज स्टीफन नांवाच्या गृहस्थानें पाण्यांत तरंगणाऱ्या धातूच्या खुणेचे दोन अर्ध करून ती बनविली. एकच प्रदेश एका हातानें वध दूर नेतो आणि दुसऱ्या हातानें चूल घरीं आणतो.

आतां ज्या गोष्टीनें आमचें मत बनलें तिच्याकडे येतों. जिवंत प्राण्याच्या स्नायूंत ग्लायकोजेन नांवाची शर्करा सांठविलेली असते. मृत्यूनंतर तिचें आम्ल बनतें, आणि त्या आम्लामुळेंच मांसाला नेहमींचा तांबडा रंग, मऊपणा व टिकाऊपणा येतो. पण मरणापूर्वीं जनावर बराच वेळ भ्यालेलें असेल, लांबच्या प्रवासानें थकलें असेल, अनोळखी गुरांत कोंडून झुंजलें असेल, तर ही शर्करा आधींच जळून जाते. मग आम्ल पुरेसें होत नाहीं, आणि मांस काळपट, चिकट राहतें व लवकर नासतें. व्यापाऱ्यांच्या भाषेंत अशा मांसाला निराळें नांव आहे, व त्याचा भावही उतरतो. म्हणजे प्राण्याची भीति ही कवींची कल्पना नव्हे. ती मांसांत उतरते, मोजतां येते आणि बाजारांत तिची किंमत होते. मीठ रात्रभर ठेवा कीं आठवडाभर ठेवा, तें तेथवर पोहोंचत नाहीं. टेंपल ग्रँडिन या विदुषीनें आयुष्य वेंचून दाखवून दिलें कीं, लोंबती साखळी, डबक्यांतली चकाकी, अचानक पडलेली सावली एवढ्यानेंही गुरें बिचकतात. तिनें आंखलेल्या वळणदार, भिंतींनीं बंद अशा वाटांवरून आज उत्तर अमेरिकेंतलीं फार मोठ्या संख्येनें गुरें नेलीं जातात. तीं शेवटच्या जागींच नेलीं जातात, हें खरें. पण तीं न भितां जातात, किंवा कमी भीत जातात. आणि हा फरक ज्याच्या देहांत पडतो त्याला तो लहान नाहीं.

तर मग संस्कर्त्याचा वांटा कोणता? आठांपैकीं मारणारा आज यंत्राच्या रांगेंत उभा आहे. त्याच्यापुढून एक देह सरकतो न सरकतो तों दुसरा येतो, आणि विचार करावयाला त्याला उसंत नाहीं. खाणाऱ्यापुढें ताट येतें, तें तयार. देह हातांत घेऊन, निवांतपणें, डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहतो तो एकटा संस्कर्ता. त्याला तंतू दिसतात, हाडाची गोलाई दिसते, काळपट मांस आलें तर तेंही प्रथम त्यालाच दिसतें. जो पाहतो आणि पाहिलेलें पुसून टाकतो, त्याच्यामुळें बाकीच्या सातांना झोंप लागते. त्याचा दोष मिठांत नाहीं, पुसून टाकण्यांत आहे. या अर्थानें स्मृतिकारानें त्याला यादींत घातलें तें योग्यच केलें. आणि म्हणूनच, स्वतः न खातां घरच्यांसाठीं शिजविणारी ती बाई आम्हांला घातक वाटत नाहीं; मांस धुतांना नाक मुरडून कां होईना, पण तें काय आहे हें त्या घरांत ती एकटीच विसरत नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, तुमच्या या आठवणीचा त्या पशूला काय उपयोग? त्या पशूला कांहीं नाहीं. हें स्वच्छ कबूल केलें पाहिजे. आठवण ठेवून खाल्लें म्हणजे पाप फिटलें, असा सोयीचा प्रायश्चित्तविधि आम्हांला सुचवावयाचा नाहीं. उपयोग होतो तो मागून येणाऱ्या पशूला. अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' या कादंबरीनें शिकागोच्या कारखान्यांचें दार उघडून दाखविलें, आणि १९०६ सालींच अमेरिकेंत मांसतपासणीचा कायदा झाला. लेखकाला कामगारांविषयीं कळवळा उत्पन्न करावयाचा होता. लोकांना आपल्या पोटाची काळजी वाटली, आणि गुरांच्या वांट्याला त्या वेळीं कांहींच आलें नाहीं. त्यांच्यासाठीं कायदा व्हावयाला १९५८ साल उजाडावें लागलें. मारण्यापूर्वीं जनावराला बेशुद्ध करावें, असा तो सामान्य नियम आहे. पन्नास वर्षांचें हें अंतर पाहिल्यावर मनुष्य प्रथम कोणाकडे पाहतो, याविषयीं संशय राहत नाहीं. पण पाहिल्याशिवाय तेंही झालें नसतें.

येथवर परक्या शेगडीविषयीं बोललों. आपल्या घरांत याहून बरें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आपण बोकड मारतों आणि 'मटण' खातों. इंग्रजांनीं जो शब्द गोठा व ताट यांमध्यें आड घातला होता, तोच आपण उसना आणला, आणि तोही मेंढ्याचा शब्द बोकडाला लावून. म्हणजे पडद्यावर पडदा. सागुती, वशाट हे आपले शब्द घरांत होते, ते गांवंढळ ठरले. रविवारीं सकाळीं खाटकाच्या दुकानापुढें पिशवी घेऊन उभा राहणारा सभ्य गृहस्थ पाठीमागच्या फळीकडे न पाहतां वर्तमानपत्र वाचतो. त्या खाटकाला शेजारीं घर देतांना मात्र हाच गृहस्थ शंभर अडचणी काढतो. मनूनें आठांना एका ओळींत बसविलें होतें; आपण सातांना उठवून ओसरीवर घेतलें आणि एकाला अंगणाबाहेर ठेवलें. यासारखा दुटप्पीपणा स्टेक भाजणाऱ्या अमेरिकनाच्या पदरीं घालतां येणार नाहीं. आणि आमच्या शाकाहारी वाचकांनीं या ठिकाणीं समाधानानें मान हलवूं नये. दूध आटलेल्या म्हशीचें आणि दूध न देणाऱ्या रेडकाचें पुढें काय होतें, हें चहा घेतांना कोणी विचारीत नाहीं. भारतांतून म्हशीचें मांस मोठ्या प्रमाणावर परदेशीं जातें, तें दुधाच्याच धंद्याचें दुसरें टोंक आहे. अनुमति देणारा यादींत पहिला आहे, आणि ती मुकाट्यानेंही देतां येते.

महाभारताच्या वनपर्वांतला धर्मव्याध आम्हांला या प्रसंगीं आठवतो. कौशिक ब्राह्मण धर्म शिकावयाला मिथिलेस जातो, तो त्याला गुरु भेटतो मांसाच्या दुकानांत. व्याध सांगतो कीं, आपण स्वतः मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेलें विकतों, आणि आपण मांस खातही नाहीं. एवढ्यावर थांबला असता तर तो आजच्या कोणत्याही व्यापाऱ्यासारखा दिसला असता. पण तो पुढें असेंही म्हणतो कीं, हें कर्म घोर आहे, यांत संशय नाहीं. त्यानें धंदा सोडला नाहीं, आणि धंद्याला गोड नांवही दिलें नाहीं. कौशिकाला प्रथम तो जें म्हणाला तेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे: ही जागा आपल्याला उभें राहण्याजोगी नाहीं, घरीं चलावें. जागेचें स्वरूप त्याला पाहुण्याहूनही स्पष्ट दिसत होतें.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही आतां उन्हाळ्यांत परसांत शेगड्या पेटतात. कोणी कोंबडी भाजतो, कोणी कणसें, कोणी स्टेकही. त्यांच्या आवडीनिवडीवर येथून निकाल देण्याचा अधिकार आम्ही मागत नाहीं. काप उतरविल्यानंतर पांच-दहा मिनिटें संस्कर्त्याला करण्यासारखें कांहीं नसतें, आणि लहान मुलें प्रश्न विचारतात तीं बहुधा अशाच रिकाम्या वेळीं. हें कशाचें आहे, असें एखाद्यानें विचारलें, तर कापाचें नांव सांगून त्याला खेळावयास पिटाळूं नये. हा एक गोऱ्हा होता. त्याला लहानपणींच खच्ची केलें होतें. तो पुष्कळसा काळ गवतावर चरला आणि शेवटचे कांहीं महिने कुंपणांत राहून मका खाऊन माजला. या पांढऱ्या रेषा त्या मक्याच्या. पंधरा-वीस वर्षें जगूं शकला असता, तो दीड-दोन वर्षांचा असतां मारला गेला. मीठ काल रात्रीं लावलें.